खुणेपर्यंत

बाटली डोळ्यासमोर धरायची, एक डोळा मिटायचा, आणि आतलं पातळ बाहेरच्या कागदी खुणेला टेकलं की मान हलवून म्हणायचं, "खुणेपर्यंत. एक थेंब वर न्हाई." ही आमच्या कंपाउंडरांची सवय. बाटलीत खोकल्याचं औषध असो नाहीतर संध्याकाळची, ताडीसारखी चढणारी शिंदी, डोळा तोच मिटायचा आणि वाक्यही तेच असायचं.

तुमच्यापैकी ज्यांनी जुन्या सरकारी दवाखान्यातलं औषध प्यायलं असेल त्यांना ती खूण आठवेल. बाटली घरून न्यायची. कंपाउंडर त्यात लाल मिक्श्चर ओतायचा आणि कात्रीनं कातरे पाडलेली कागदाची पट्टी बाहेरून चिकटवायचा. एका कातऱ्यापासून दुसऱ्या कातऱ्यापर्यंत एक डोस. अंगठा उठवणारा माणूससुद्धा त्यात चुकत नसे. आमच्या कंपाउंडरांनी तशीच पट्टी आपल्या शिंदीच्या बाटलीला लावली होती. रोज संध्याकाळी एक डोस, सणाला एक डोस, सासरे आले तरी एकच डोस.

मी तेव्हा जळकोटच्या दवाखान्यात नर्स होते. नांदेडात वाढलेली, त्यामुळे नाक जरा वरच असायचं. हा माणूस शिंदी पितो हे पहिल्याच आठवड्यात कळलं आणि मी त्यांना मनातून बाद करून टाकलं. दुसऱ्या आठवड्यात सकाळी मुखेडच्या रस्त्यानं ते अनवाणी, खाकी चड्डी घालून, जीव खाऊन पळत येताना दिसले. कंपाउंडर पळतो आहे म्हटल्यावर नर्सच्या मनात दुसरं काय येणार? मी धावत आडवी गेले.

"कुणाला चावला? साप होता की विंचू?"

"कुणाला न्हाई सिस्टर, सराव करून राहिलो," ते जागच्या जागी पाय हलवत म्हणाले आणि मला वळसा घालून पुढे गेले. दवाखाना उघडायच्या वेळी अंघोळ करून, भांग पाडून खिडकीत उभे होते.

त्यांचं गाव मुखेड तालुक्यातलं, नोकरी जळकोटला. लांब पल्ल्याचं पळणं हेच त्यांचं एक वेड. रोज मुखेड रस्त्यानं नांदेड जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत जायचं, हद्दीला पाय लावायचा आणि परत. जळकोट उस्मानाबाद जिल्ह्यात होतं तोवर त्यांना कुणी विचारलं नाही. कर्मचाऱ्यांच्या राज्यस्पर्धेला जिल्ह्याचा संघ जायचा, त्यात तिकडचीच माणसं भरलेली असायची. ह्यांना पत्ता लागायचा तो संघ परत आल्यावर. मग लातूर जिल्हा वेगळा झाला. नवीन जिल्हा म्हणजे लोकांना नवीन कचेऱ्या दिसत होत्या, बदल्या दिसत होत्या. कंपाउंडरांना दिसत होता नवीन संघ.

"आता संघ आपला हाय, सिस्टर. छातीवर 'लातूर' लिहून एकदा पळायचं. एकदाच. मग सोडून दिलं तरी चालतंय."

वय तिशी ओलांडून पुढे गेलेलं. एकदाच म्हणत होते, कारण एकदाच मिळणार होतं. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

आता तुम्ही विचाराल, पळणाऱ्या माणसाला शिंदी कशाला? मीही विचारलं, आणि चांगलं झापून विचारलं. त्यावर ते खुर्ची ओढून मला समजावायला बसले. शिंदी थंड असते. पायात गोळे येत नाहीत. झोप चांगली लागते, आणि झोप झाली की दुसऱ्या दिवशी पाय हलके. पण मापात हवी. माप सुटलं की माणूस गेला. "मी पिणारा न्हाई, सिस्टर. मी डोस घेणारा हाय." हे वाक्य म्हणताना इतके गंभीर असायचे की मला हसू दाबायला कपाट उघडून आत तोंड घालावं लागायचं.

घरात मात्र त्यांचं हे शास्त्र चालत नसे. घर बौद्धांचं. वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून थेंबाला शिवले नव्हते. रोज संध्याकाळी वंदना व्हायची. पहिली चार शीलं कंपाउंडर खड्या आवाजात म्हणायचे आणि पाचवं आलं, मद्यापासून दूर राहण्याचं, की आवाज एकदम खाली. तिथे त्यांची बायको, आमच्या वहिनी, आपला आवाज चढवायच्या. भिंतीपलीकडे मी राहायचे. पाचवं शील एकट्या वहिनींच्या आवाजात ऐकू आलं की समजायचं, आज कंपाउंडर हजर आहेत. वहिनी मला म्हणायच्या, "बाई, माप काय आन् बिनमाप काय. शील मोडलं ते मोडलं." मला मात्र हळूहळू त्यांचं पटायला लागलं होतं. एवढ्या वर्षांत एका खुणेच्या वर न गेलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. माझे स्वतःचे मामा खुणेच्या आत कधी राहिले नाहीत.

मग दुष्काळ पडला. एक पाऊस गेला, दुसराही गेला. दवाखान्याच्या विहिरीत तळाचा चिखल फाटला. गोळी गिळायला पाणी पेशंटनं घरून आणायचं, अशी पाटी आम्ही दारावर लावली. कंपाउंडर पळून आले की ओल्या फडक्यानं अंग पुसायचे आणि तेच फडकं पिळून वहिनी तुळशीसारखं जपलेलं मिरचीचं झाड जगवायच्या. पळणं मात्र बंद नाही. निवडचाचणी जवळ आली होती.

आणि शिंदीही बंद नाही. मल्लय्या म्हणून मुखेडच्या बाजूचा एक शिंदीवाला होता. झाडं वाळत चालली, पण त्याची मडकी तोंडापर्यंत भरलेली. एक दिवस मी म्हटलं, "कंपाउंडर, माणसाला प्यायला पाणी नाही, जनावरं पाय घासून मरतायत, मग ह्याच्या मडक्यात एवढी शिंदी येते कुठून?"

"शिंदीच्या मुळ्या लई खोल जातात, सिस्टर."

"एवढ्या खोल?"

"त्याला बी विचारलं मी. 'झाडाचीच हाय सार, एकदम असली,' म्हणला. आन् आपलं तर माप ठरलेलंच हाय. खामखा काळजी कशाला?"

बाटली उचलून डोळा मिटून त्यांनी मला खूण दाखवली. शिंदी बरोबर कातऱ्याला टेकलेली होती.

लातूरला चाचणी झाली. कंपाउंडर सगळ्यांच्या पुढे आले आणि निवडले गेले. दुसऱ्या दिवशी ते नुसते दवाखान्याच्या खिडकीत उभे राहून येईल त्याला औषध देत राहिले. पेशंट बाहेर गेला की हसायचे. वहिनींनी बनियनवर लाल दोऱ्यानं 'लातूर' भरलं. 'तू'चा उकार जरा मोठा झाला, पण दुरून छान दिसायचा. संघाबरोबर प्रथमोपचाराला एक नर्स हवी होती. मी हट्ट करून गेले.

स्पर्धा पुण्याला होती. तीन दिवस आधी पोचलो. कंपाउंडरांनी बाटली घरीच ठेवली होती. "जिल्ह्याच्या नावानं चाललो, सिस्टर. तितके दिवस डोस बंद. मापात घेणाऱ्याला सोडायला काय लागतंय?" आम्ही निघताना वहिनींनी मला हे दोनदा सांगितलं, इतका त्यांना आनंद झाला होता.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातातला चहा बशीत सांडायला लागला. घाम सुटायचा. झोप लागेना म्हणाले. जेवताना ताटातल्या मुंग्या झटकायला लागले. ताटात मुंगी एकही नव्हती. मला वाटलं, घाबरले आहेत. शर्यतीच्या सकाळी छातीवरच्या नंबराची टाचणी त्यांना लावता येईना, मी लावून दिली. त्यांचं अंग बनियनच्या आत थरथरत होतं.

"गोळे आलेत का पायात?"

"न्हाई. पाय चांगले हायत. हातच परेशान करून राहिलेत."

शिट्टी झाली. ते निघाले आणि निघाले ते झकास निघाले. मैदानाच्या पहिल्या वळणावर ते चौथे की पाचवे होते. मी ओरडत होते, नर्स असल्याचं विसरून. वळणावरच ते आडवे झाले. अडखळून पडले असं नाही. उभं लाकूड पडावं तसे पडले आणि अंग झटके द्यायला लागलं. मी पोचले तोवर तोंडाला फेस आला होता.

शुद्धीवर आले तेव्हा आमचे संघप्रमुख डोक्यापाशी उभे होते. "पिऊन पळायला आलास? जिल्हा नवीन, पहिली स्पर्धा, आणि नाव मातीत घातलंस!" भोवती दुसऱ्या जिल्ह्यांचे लोक जमलेले. कुणीतरी म्हणालं, लातूरवाला पिऊन पडला. कंपाउंडर माझ्या हाताला धरून उठायला बघत होते.

"सिस्टर, तुम्ही सांगा ना ह्यांना. मी पिलेलो न्हाई. तीन दिसांत थेंब न्हाई घेतला. वास घ्या म्हणावं तोंडाचा."

मी सांगितलं. ओरडून सांगितलं. ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता, पुढची शर्यत लागायची होती.

पुण्याच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, हा काय पितो. शिंदी म्हटल्यावर विचारलं, कुठली, झाडाची की पावडरीची? मग त्यांनीच उलगडून सांगितलं. झाडं आटली की शिंदीवाले पाण्यात झोपेची पावडर कालवतात. रोज थोडी पोटात गेली की शरीराला तिची सवय लागते आणि एकदम बंद केली की असे झटके येतात. "प्यायला म्हणून पडला नाही. प्यायचं थांबला म्हणून पडला."

त्या पावडरीचं नाव डॉक्टरांनी घेतलं आणि कंपाउंडर छताकडे बघत राहिले. म्हणाले, "आपल्या कपाटात बी हाय की ती, सिस्टर. खालच्या फळीवर. मीच मोजून देतो लोकास्नी."

मग माझ्याकडे मान वळवून विचारलं, "पण मी मापातच घेत होतो ना?"

"हो," मी म्हटलं. "मापातच घेत होता." आणि मला रडू आलं. पेशंटसमोर नर्सनं रडू नये असं शिकवलेलं असतं. मी रडले.

पुढचं सांगायला फार नाही. डॉक्टरांनी हळूहळू कमी करायला सांगितलं होतं. कंपाउंडरांनी पट्टीचे कातरे एकमेकांच्या जवळ पाडले, रोज एक खूण खाली. पण मल्लय्या आज किती पावडर टाकतो आणि उद्या किती, हे बाटलीवर कुठून दिसणार? एक दिवस अर्ध्या डोसातच ते गुंगून पडायचे, तर दुसऱ्या दिवशी पुरा डोस घेऊनही हात थांबायचे नाहीत. नांदेडला नेऊन दाखवलं. औषधं झाली. परत आले की महिनाभर बरे, मग पुन्हा तेच. औषध ओतताना बाहेर सांडायला लागलं तेव्हा त्यांनी स्वतःच खिडकी सोडली आणि रजेवर गावी गेले. सामान बांधताना वहिनींनी ती बाटलीसुद्धा फडक्यात नीट गुंडाळून घेतली. मला वाटलं होतं त्या भांडतील. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुष्काळ उठला. पाऊस झाला, शिंदीची झाडं पुन्हा ओली झाली, खरी शिंदी मिळायला लागली. ती त्यांना आता चढतच नाही, पावडरीचीच हवी असते, असं त्यांच्या गावचे लोक सांगायचे. जिल्ह्याच्या संघात दुसरी पोरं आली. ती चांगली पळत होती, त्यांचा काय दोष?

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मुखेडहून एसटीनं येताना. त्यांच्या गावच्या फाट्यावर गाडी थांबली, दोन बाया चढल्या. मी खिडकीतून बघत होते. लिंबाखालून एक माणूस गाडीकडे येत होता. चाळीसेक पावलांवर असेल. मी त्यांना चालीवरून नाही, खांद्यांवरून ओळखलं.

"थांबा, एक माणूस येतोय," मी ओरडले.

कंडक्टर दारात उभा होता. त्यानं हात हलवला. "ए भाऊ, पळ की! पळ लवकर!"

कंपाउंडर थांबले. इकडे बघितलं, पायांकडे बघितलं. मग होते त्याच चालीनं पुन्हा यायला लागले.

"चाळीस पावलं पळणं होत न्हाई बघा लोकाला," कंडक्टर नुकत्याच चढलेल्या बायांकडे बघून हसला आणि त्यानं दोनदा घंटी मारली.