वाघोबापुढं टांगलेला ड्रम

नागलीचं पीठ निम्मं चाळून झालं होतं, तेवढ्यात धर्मेंद्र मेकॅनिकचा फोन आला.

"जयश्रीताई, जीप नेऊ नका. पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेक ड्रम डुप्लिकेट निघाला. ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढते. घाटात नेलीत तर सरळ दरीत."

चाळणी परातीतच राहिली. जयश्रीची कानशिलं तापली.

जीप तिच्या बापाची. मधूभाऊंनी जन्मभर मोखाड्याच्या पाड्यांवरची माणसं तीत घालून दवाखान्यात पोचवली, अडलेल्या बायका म्हणू नका, साप चावून पान लागलेली पोरं म्हणू नका. दर वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर, जीप आधी पोशेऱ्याच्या वाघोबापुढं उभी राहायची, नारळ फुटायचा, मग दुसरं काम. पुढं म्हाताऱ्याचे गुडघे गेले आणि जीप धाकट्या लेकाच्या, मुकेशच्या गोठ्यामागं पोशेऱ्यातच गंजत पडली. म्हातारा लेकीकडं जव्हारला आला. यंदा तो म्हणाला होता, "एकदा तीतूनच मला देवापुढं ने, बाय. पुढची वाघबारस कोणी बघितलीय?" जयश्रीने हो म्हटलं. आणि तिचं हो म्हणजे देवापुढं लावलेला दिवा, मध्येच फुंकायचा नाही.

जीप जव्हारला धर्मेंद्रच्या गॅरेजात ओढून आणली आणि अख्खा पावसाळा ती एकेक भाग हुडकत होती. हेडलाइटची रिंग कल्याणच्या भंगारात सापडली, स्टिअरिंगचं चाक विक्रमगडच्या एका जुन्या ड्रायव्हरच्या माळ्यावर. सगळं त्याच सालातलं, त्याच बनावटीचं. अडलं ते ड्रमवर. मूळचा हरवला, असं धाकटा भाऊ मुकेश म्हणाला आणि स्वतःच चकचकीत खोक्यातला "एकदम ओरिजिनल" ड्रम घेऊन आला.

वाघबारस तोंडावर होती. जयश्री वडापच्या गाडीने पोशेऱ्याला उतरली आणि तडक मुकेशच्या अंगणात उभी राहिली.

"मूळचा ड्रम कुठंय?"

"हरवला म्हटलं ना, ताई."

"एवढं जड लोखंड काय उंदरांनी नेलं?"

मुकेशची बायको कमू ओसरीत भात पाखडत होती. सुपावरची नजर न हलवता ती म्हणाली, "सांगून टाका आता. सगळा पाडा रोज ऐकतोय तो."

मुकेशने मान खाली घातली. "पोरीच्या येळी वाघोबाला घंटेचा नवस बोललो होतो. ती काही आणणं झालं नाही. मग जीपचा ड्रम काढून टांगला. वाजतो चांगला. आता देवाला दिलेलं परत कसं मागू, म्हणून हरवला म्हणालो."

"आणि मी बाबांना घेऊन घाट उतरणार होते. आमच्या तेराव्यालाही तोच बडवला असतास."

ती पुढं आणि तो मागं, असे दोघं देवाकडं गेले.

ऐनाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला वाघोबा, वर फांदीला साखळीने ड्रम. देवाची राखण करणारी म्हातारी गोजाबाई पाला झाडत होती. जयश्रीने हात जोडले, पण ते ड्रमपर्यंत वर जाईनात. देवाला वाहिलेलं फूलसुद्धा तिने कधी परत उचललं नव्हतं. आपल्याच भावाने आपल्याला देवापुढं चोरासारखं उभं केलं, या विचाराने तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले.

सगळं ऐकून गोजाबाईने मुकेशला विचारलं, "मधूला इचारून टांगलंस का रं?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मंग तू काय दिलंस देवाला? नवस तुझा, वस्तू बापाची. तुझा नवस आजून फिटलाच नाय."

"उतरव," जयश्री म्हणाली.

"लोक बघतील, ताई."

"टांगताना त्यांनी डोळे झाकले होते का? चढ."

मुकेश चढला. साखळी सोडताना ड्रम खोडावर आपटला, तशी गोजाबाईची झाडणी थांबली. जयश्रीने देवापुढं कपाळ टेकलं, ड्रम गोणीत घातला. भावाकडं पाहिलंही नाही.

परतीच्या वाटेवर अंगणातून कमूने हाक दिली, "वन्सं, भाकर खाऊन जा."

"आज या घरचं पाणीही घशाखाली उतरायचं नाही माझ्या."

रस्त्यावर उभं राहून तिने धर्मेंद्रला फोन लावला. तो म्हणाला, "आतून गंजला असेल, ताई. आधी लेथवर फिरवून, आतून घासून बघू. भेग नसेल तर लगेच बसवतो."

वडापमध्ये गोणी मांडीवर घेऊन ती जव्हारच्या लेथवाल्याकडे निघाली.