मी तं फक्त मोबाईल लावला!

आधी मला एक सांगा, भरोसा कोणावर ठेवावा? दोस्तावर की मीटरवर? जाम गावच्या चौकात माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे. शाळा फार केली नाही, चटके खात धंदा शिकलो. या एका प्रश्नावर माझ्याकडे इतके किस्से साचलेत, की मी बॅटरी असतो तर कधीच फुगलो असतो!

आम्ही चौघा दोस्तांनी फिरायला एक जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली. आत झोपायला फळ्या, छतावर सोलर, सीटखाली बॅटरी आणि एक छोटा फ्रीज. फ्रीज हौसेचा नव्हता. आमचे वानखडे सर, रिटायर्ड मास्तर, यांचं इन्सुलिन त्यात राहायचं. आपल्याकडच्या उन्हात ते बाहेर राहिलं की वाया. फ्रीज चालेल तर सर येणार, नाहीतर नाही.

"सर, टेन्शनच नका घेऊ!" सगळे म्हणाले.

* * *

पहिल्या फेरीला रोहण्याकडे गेलो, उत्तमरावांच्या शेतात. उत्तमराव म्हणजे सिंदीचे कापसाचे अडते. शेतात विजेचा खांबही नाही. मी गाडी उघड्यावर लावली. विहिरीवर आंघोळ करून येतो, तर गाडी आंब्याखाली!

"काऊन हलवली जी?"

"मंग काय उन्हात भाजून घ्याचं? गाडी सावलीतच लावतेत, शेठ!" उत्तमराव म्हणाले.

छतावरच्या सोलरलाही मस्त सावली मिळाली.

* * *

मग मी नियम केला. संध्याकाळी चहाला बसलं, की बॅटरीवर आज काय लावलं ते ज्याने त्याने सांगायचं.

देवतळेबाबू सरकारी कचेरीत क्लार्क. ते पहिले बोलले, "मी तं फक्त मोबाईल लावला."

उत्तमराव म्हणाले, "मी बी मोबाईलच."

सर म्हणाले, "मी थोडा रेडिओ ऐकला. चुकलं का?"

मीटर पाहिला, तर दोन मोबाईल आणि एका रेडिओने अर्धी बॅटरी पिऊन टाकली होती! देवतळेबाबूंच्या उशाशी टेबलफॅन गरगरत होता.

"अन् हा?"

"तो मी लावला नाई जी. तो चालूच होता!"

* * *

उत्तमरावांनी एकदा इलेक्ट्रिक किटली आणली. मी म्हटलं, "हिच्यात पाणी नंतर उकळते, बॅटरी आधी मरते. बाहेर चूल आहे ना."

"एकच कप, शेठ! चुलीचा धूर मले सोसत नाई."

एवढं म्हणून किटली लावली, आणि बिडी पेटवली.

* * *

शेवटी मी बझर बसवला. बॅटरी उतरली की ओरडणार. पुढच्या फेरीला सकाळपासून एक आवाज नाही! मी खूश. म्हटलं, सुधरले दोस्त.

दुपारी सरांनी फ्रीज उघडला, आत हात घातला आणि तसेच उभे राहिले. इन्सुलिन कोमट झालं होतं.

बझरची वायर लोंबत होती.

"कोणी काढली?"

"सकाळी तुम्ही आंघोळीला गेले तवा ओरडून राह्यलं होतं," देवतळेबाबू म्हणाले. "पत्त्यात ध्यान लागे ना!"

तसंच सरांना घेऊन आर्वीचा दवाखाना गाठला. दुपारचं इंजेक्शन हुकलेलं, सरांची जीभ कोरडी, डोळे जड. डॉक्टरांनी विचारलं, "औषध गरम कसं झालं?"

उत्तमराव चटकन म्हणाले, "बॅटरी खराब निघाली, साहेब."

माझ्या दुकानची बॅटरी, आणि मी शेजारीच उभा! सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

* * *

मला वाटलं, सर आता यायचे नाहीत. पण पुढच्या फेरीला आले. मांडीवर मातीचं मडकं, तोंडाला ओलं फडकं. आत पाणी, पाण्यात तरंगती स्टीलची डबी, डबीत इन्सुलिन.

"सर, नवी बॅटरी बसवली ना मी!"

"बॅटरीबद्दल माझी तक्रारच नाही, शेठ."

दुपारी देवतळेबाबू शेतातून घामाघूम होऊन आले. फडकं उचलून आत डोकावले.

"थंडगार दिसते, सर. एकच गिलास घेऊ का जी?"

सरांनी डबी काढून हातात धरली. "घ्या."

उत्तमरावांनीही गिलास पुढे केला.

संध्याकाळी चहाला बसलो. मी विचारलं, "बोला, आज कोणी काय वापरलं?"

"मी तं फक्त मोबाईल लावला," देवतळेबाबू म्हणाले.

सरांनी मडकं उचललं आणि सगळ्यांसमोर उपडं केलं. एक थेंब पडला नाही.

तुम्हीही उद्या अशी गाडी घ्याल, माझ्या दुकानात याल. बॅटरी मी चांगलीच देईन. फक्त संध्याकाळी कोणी विचारलं, तर हिशेब तेवढा खरा सांगजा.