छोटीचं कुलूप

फोटोताईच्या स्टुडिओत माणूस शिरला की आधी आरसा भेटतो, मग दोरीला बांधलेला कंगवा, आणि मग ताईचा आवाज.

"हनुवटी खाली. अजून जरा. अहो, एवढीही नको, जमिनीवर काय पडलंय का तुमचं? हं. आता श्वास सोडा."

माणूस श्वास सोडतो, खांदे उतरतात, चेहरा त्याचा त्याला परत मिळतो, आणि नेमकी तेव्हाच ताई बटण दाबते. पासपोर्टच्या फोटोत माणसासारखं दिसायचं असेल तर तिच्याकडेच जावं, असं सगळा रस्ता म्हणतो. तोंडाने फटकळ, हाताने हळुवार. लग्नाचा विषय कुणी काढलाच तर त्यालाही तेच उत्तर: "आधी हनुवटी खाली."

आतल्या खोलीत कॉम्प्युटर आहे. त्याच्यासमोर एक फिरती खुर्ची आणि एक स्टूल. खुर्ची कायम रिकामी. ताई स्टुलावर बसून, वाकून, पाठ धरेपर्यंत काम करते.

"खुर्चीला काय झालंय?" शेजारच्या दुकानातले घड्याळकाका एकदा म्हणाले होते.

"खुर्चीला काय व्हायचंय? छोटीची आहे ती."

छोटी म्हणजे धाकटी बहीण. दोघी मिळून स्टुडिओ चालवायच्या तेव्हाची वाटणी सरळ होती. ताईने माणसाला हसवायचं, छोटीने त्याच्या गालावरचा डाग पुसायचा. राहायच्याही तिथेच, मागच्या खोलीत. एक कपाट, एक आरसा, आणि दाराच्या जागी पडदा. पडदा सरकवून ताई दिवसातून कितीदा तरी आत डोकावायची आणि म्हणायची, "काय गं करतेयस?" तो काही प्रश्न नव्हता. जाता जाता भिंतीला हात लावावा, तसं ते होतं. छोटी म्हणायची, "काही नाही." तेही काही उत्तर नव्हतं.

कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम, लिनक्स, छोटीनेच घातलेली. "फुकट आहे, आणि सारखं कुणाच्या तोंडाकडे बघायला लागत नाही," हे तिचं कारण. तेव्हा मशीनने पहिलं नाव विचारलं आणि ताई म्हणाली, "तुझंच घाल आधी. तुलाच कळतं त्यातलं." मग पहिलं खातं छोटीचं झालं, दुसरं ताईचं, आणि मशीनच्या सगळ्या किल्ल्या आपोआप छोटीकडे गेल्या. फोटो ठेवायची डिस्क वेगळी होती. तिच्यावर दोन फोल्डर, एक 'ताई', एक 'छोटी'.

एके दिवशी छोटीच्या फोल्डरवर कुलपाची खूण उगवली.

"हे काय गं? परवानगी नाही म्हणतंय."

"हो. मीच केलंय तसं."

"का?"

"असंच."

"असंच कसं? मी काय चोर आहे?"

"मी म्हटलं का तसं?"

"मग माझ्याही फोल्डरला लाव. तुलाही नको दिसायला."

छोटी चिडेल, नाहीतर हसेल, असं ताईला वाटलं होतं. छोटीने मुकाट्याने ताईला तिच्या खात्यात शिरायला लावलं, काहीतरी टाइप केलं आणि म्हणाली, "लावलं."

नंतर छोटीला दूरच्या शहरात नोकरी लागली. सिनेमातल्या दृश्यांचे रंग दुरुस्त करायचं काम. भांडण नाही, रडारड नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. इथे मिटवायला काही नव्हतंच. फक्त फोन आखूड होत गेले. "जेवलीस?" "जेवले. तू?" "हं." "दुकान?" "चाललंय." "बरं, ठेवते." फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ त्या कुलपाकडे बघत बसायची. छोटी गेली ती नोकरीला गेली त्या दिवशी नाही, ती आधीच त्या फोल्डरात गेली होती, असं तिच्या मनाने घेतलं होतं. का गेली, ते आत असणार. नक्की आतच असणार.

मशीन अधूनमधून अपडेट मागायचं, आणि अपडेटसाठी छोटीचा पासवर्ड. ताई 'नंतर' दाबायची. एक फोन करून पासवर्ड विचारणं काय कठीण होतं? पण विचारायचा म्हणजे ती आता इथे बसत नाही, हे स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. त्यापेक्षा 'नंतर' बरं. असं करत करत सिस्टिम इतकी जुनी झाली की नव्या प्रिंटरला तिने ओळखच दाखवली नाही. तेव्हा कुठे ताईने बाह्या सरसावल्या.

मोबाइलवर व्हिडिओ बघून तिने पेनड्राइव्ह तयार केला, फोटोंच्या डिस्कची वायर काढून ठेवली, आणि सगळं पुसून लिनक्स नव्याने घातलं. सकाळ त्यातच गेली. मशीनने विचारलं, तुमचं नाव? ताईने लिहिलं, 'ताई'. मशीनने दुसरं नाव विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. प्रिंटर पहिल्या फटक्यात चालला. ताईने स्वतःची पाठ थोपटली आणि डिस्कची वायर परत जोडली.

दोन फोल्डर उगवले. कुलूप होतं ते 'ताई'वर.

तिने क्लिक केलं. परवानगी नाही. पुन्हा केलं. नाही म्हणजे नाही.

आणि 'छोटी'वर काहीच नव्हतं. साधं पिवळं फोल्डर, दार नुसतं लोटून ठेवावं तसं.

ताईचा हात माऊसवरून खाली आला.

"झाला का माझा फोटो?" घड्याळकाका दारात उभे. गेल्या आठवड्यात काढलेल्या फोटोत आपण चाळिशीचे दिसतो, असा त्यांना साक्षात्कार झाला होता आणि त्याच्या प्रती त्यांना सगळ्या नातेवाइकांना वाटायच्या होत्या.

"तुमचा फोटो आत कोंडलाय."

"कुणी कोंडला?"

"मीच. माझंच फोल्डर मला उघडत नाहीये. थांबा जरा, टाळकं चालवू द्या."

तिने हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली. कोणतं फोल्डर कुणाच्या मालकीचं, ते दाखवणारी ओळ छोटीने तिला कधीकाळी शिकवली होती. ती टाइप केली. उत्तर आलं तशी ती स्टुलावरून उठली आणि पुन्हा बसली. 'छोटी' फोल्डरापुढे मालक म्हणून नाव होतं: ताई. आणि 'ताई' फोल्डरापुढे नावच नव्हतं. नुसता आकडा. हजार एक.

"हे हजार एक कोण?" काका चष्म्यावरून बघत म्हणाले.

"मी," ताई म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मी होते."

"मला कळेल असं सांग बाई."

"मशीनला नाव कळत नाही, काका. ते आत नंबर लावतं. पहिल्या माणसाला हजार, दुसऱ्याला हजार एक. मागे छोटी पहिली होती. आज मी एकटीच, म्हणून मी पहिली. तिचा नंबर मला मिळाला. मशीनला वाटतंय, मीच ती."

"म्हणजे माझ्या टोकनसारखं!" काकांना एकदम उकललं. "टोकन आणेल त्याचं घड्याळ. तोंड कोण बघतं? एकदा एकाचं टोकन दुसऱ्याच्या हाती गेलं, आणि तो पठ्ठ्या सोन्याच्या पट्ट्याचं घड्याळ बांधून चालता झाला!"

"परत आला का?"

"आला की. म्हणाला, काका, वेळ बरोबर दाखवतंय, पण माझ्या हाताला ते माझं वाटत नाही." काका हसले आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट करून थांबले. "पण मग... तिचं ते उघडतंय तर."

"उघडतंय."

"मग बघ ना! किती दिवस कुढतेयस त्याच्यावरून. तू काही फोडलं नाहीस. आपसूक उघडलंय."

काकांच्या दुकानापुढे कुणीतरी हाका मारायला लागलं तसे ते "फोटो विसरू नकोस" म्हणत गेले.

ताईने बाण 'छोटी'वर नेला. दोनदा बोट दाबलं की झालं. कुणाला कळणारही नव्हतं. किती वर्षं तिला हेच हवं होतं. आत डायरीसारखं काही असेल. मुलाखतींचे अर्ज असतील. 'तायडीने मला गुदमरवलं' असं कुठेतरी असेल, किंवा त्याहून वाईट, तिच्याबद्दल काहीच नसेल. तिने फिरत्या खुर्चीकडे पाहिलं. मशीन तिला छोटी समजत होतं, आणि छोटीच्या जागी बसायचं धाडस तर तिला त्या साध्या खुर्चीवरही होत नव्हतं.

तिने मोबाइल उचलला.

"तायडे? या वेळेला? बरी आहेस ना?"

"बरी आहे. लिनक्स नवीन घातलं."

"तू?"

"का? मी काय फक्त हनुवट्याच खाली करते?"

पलीकडे छोटी खळखळून हसली. ते हसू ताईने कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

"छोटे, एक घोळ झालाय. तुझा नंबर मला लागला. तुझं फोल्डर मला उघडतंय."

हसू थांबलं. "उघडलंस?"

"उघडतंय म्हटलं. उघडलं नाही."

पलीकडे कुणीतरी छोटीला हाक मारली, ती "आले, दोन मिनिटं" म्हणाली, आणि दार लावल्याचा आवाज आला. छोटीकडे आता लावायला दार होतं.

"उघडलंस तरी चालेल गं," छोटी म्हणाली. "मला आठवतही नाही त्यात काय आहे. खरंच. गाणी असतील. अर्धवट काहीतरी."

ज्या कुलपासमोर ती इतके दिवस बसून होती, त्याच्या आत काय आहे हे लावणारीलाच आठवत नव्हतं.

"मग लावलं कशाला होतंस?"

छोटी सावकाश म्हणाली, "आपल्या खोलीला पडदा होता ना. दार नव्हतं. कपाट एक. मला कुठेतरी एक जागा हवी होती, जिथे कुणी 'काय गं करतेयस' विचारणार नाही. तुझ्यावर राग नव्हता, तायडे. जागा हवी होती, एवढंच."

"मला सांगायचंस."

"काय सांगणार? सांगायला तोंड उघडलं की तू विचारायचीस, काय गं करतेयस."

दोघी हसल्या. ताईने डोळे पुसले. मग मोबाइल खांदा आणि कान यांच्यात धरला आणि कीबोर्ड पुढे ओढला. आधी 'छोटी' नावाचं नवं खातं उघडलं. मग एका ओळीत स्वतःचं फोल्डर स्वतःच्या नावावर केलं. तिथलं कुलूप आता तिलाच उघडत होतं, आणि आतून काका चाळिशीचे होऊन बघत होते. दुसऱ्या ओळीत छोटीचं फोल्डर छोटीच्या नावावर. एंटरवर बोट ठेवून ती जरा थांबली. हे दाबलं की ते पुन्हा बंद होणार होतं.

"तायडे," पलीकडून आवाज आला, "नुसती टकटक ऐकू येतेय. काय गं करतेयस?"

हे वाक्य कुणी तिला म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

"कुलूप लावतेय," ती म्हणाली. "तुझं."

आणि तिने दाबलं. पिवळ्या फोल्डरवर कुलपाची खूण परत आली.

"पासवर्ड काय ठेवू तुझ्या खात्याला?"

"ठेव काहीही."

"मला माहीत असलेलं कुलूप ते कसलं कुलूप?" ताईने खात्याच्या सेटिंगची यादी खाली सरकवली. तिथे एक पर्याय होता: पुढच्या वेळी येऊन वापरणारा स्वतः पासवर्ड ठेवेल. "हे बघ, इथे आहे सोय. तू आलीस की तूच ठेव."

"बरं."

"कधी" हा शब्द ताईच्या जिभेवर आला होता. तिने तो तिथेच धरून ठेवला.

"जेवलीस?" तिने विचारलं.

"नाही अजून. आणि तू?"

"काकांचे फोटो छापायचेत आधी. नाहीतर ते तासातासाने येऊन उभे राहतील."

फोन ठेवून ताईने प्रिंटर लावला. काकांचे चेहरे एकामागून एक बाहेर पडायला लागले, सगळे चाळिशीचे. संध्याकाळी मशीन बंद करायच्या आधी तिने मुद्दाम एकदा लॉगिनचा पडदा उघडून पाहिला. दोन नावं, एकाखाली एक. 'छोटी'वर क्लिक केलं असतं तर मशीनने नवा पासवर्ड मागितला असता. तिने केलं नाही. दोरीचा कंगवा घेतला आणि फिरत्या खुर्चीच्या चाकांत अडकलेली धूळ उकरून काढायला बसली.