भिंतीपलीकडची साथ

नॉर्ब हास्कँपला शंभरेक गाणी पाठ होती आणि त्यातलं एकही त्याला कोणाला ओळखू येईल असं वाजवता येत नव्हतं. त्याच्या हातात खोट नव्हती. तो रिदम गिटारवाला होता, एवढंच.

ते वाजवायचे ते सर्फ संगीत, समुद्रावर फळी घेऊन लाटांशी खेळणाऱ्या पोरांचं. त्या गाण्यांना शब्द नसतात. जे काही सांगायचं ते लीड गिटार सांगते. लाट चढते, फुटते, वाळूवर पसरते, ते सगळं तीच करते आणि टाळ्याही तीच नेते. तिच्या मागे रिदमवाला तळहाताची कड तारांवर दाबून ढग-ढग-ढग करत उभा असतो. नाचणाऱ्या पोरींनी नॉर्बकडे कधी पाहिलं असेल, तर ते दार कुठे आहे हे शोधताना.

लीड वाजवायचा राउल एस्केदा. शाळेत असल्यापासून ही जोडी होती. राउल त्याला आलेमान म्हणायचा, म्हणजे जर्मन, कारण नॉर्बचे आजोबा अनाहाइमला संत्री लावणाऱ्या जर्मनांपैकी. शाळांच्या जिमखान्यातल्या नाचांमध्ये त्यांनी दोन-तीन उन्हाळे गाजवले. मग लोकांनी केस वाढवले, दुसरी गाणी आली आणि ह्यांना कोणी विचारेना. शहाणी माणसं अशा वेळी गिटार विकतात. ह्या दोघांनी दर गुरुवारी सांता आनाला राउलच्या गॅरेजमध्ये वाजवायचं ठरवलं आणि म्हातारे होईपर्यंत वाजवलं. ड्रमवाला वारला. बेसवाला आयडाहोला निघून गेला, आता मासे पकडण्याचे फोटो पाठवतो. उरले हे दोघे.

नॉर्ब लोकांच्या घरात गालिचे बसवायचा. त्या कामात गुडघे जातात, तसे त्याचेही गेले. बायको डार्लीन त्याआधीच गेली होती. जाताना तिने भांडण असं केलं नाही, सामान भरता भरता म्हणाली, "इतकी वर्षं संसार केला, पण तुझं एक गाणं मला गुणगुणता यायचं नाही, नॉर्ब." नॉर्बने तिची बॅग गाडीत नेऊन ठेवली.

जानेवारीत राउल लिंबाच्या झाडाला पाणी घालता घालता गेला. त्यानंतर नॉर्बने गिटारीला हात लावला नाही. लावून वाजवणार काय? भात नसलेली नुसती पत्रावळ किती वेळ चाटायची?

एप्रिलमध्ये राउलच्या बायकोचा, चेलोचा फोन आला.

"आलेमान, घर विकलं मी. मुलीकडे चाललेय टूसॉनला. सोमवारी जुन्या वाद्यांचा दुकानवाला येऊन गॅरेज रिकामं करणार. त्याच्या आधी ये आणि तुला हवं ते ने."

"मला काय करायचंय, चेलो?"

"ते मला काय विचारतोस? ये आणि बघ."

नॉर्बने त्या रात्री विचार केला. एकाहत्तराव्या वर्षी माणसाने करू नये असा विचार केला. राउलचं सामान आणायचं आणि लीड शिकायची. जमली, तर शंभर गाणी परत जिवंत होतील. नाही जमली, तर गुरुवार कायमचे संपले. ह्यात तिसरी वाट त्याला दिसत नव्हती.

शनिवारी तो गॉर्डी पेल्टनच्या ट्रकमधून सांता आनाला गेला. गॉर्डी कोस्टा मेसात गिटारचा आवाज मोठा करणारे जुने व्हॉल्व्हचे अँप दुरुस्त करतो आणि न मागता सल्ले देतो. दुसऱ्या कामाचे तो पैसे घेत नाही, हे त्याचं म्हणणं.

"हे बघ," गॅरेजमध्ये शिरताच गॉर्डी म्हणाला, "डोकं चालव. तो पांढरा शोमन अँप घे. समुद्रावर दोन हजार पोरं नाचली तरी ह्याचा आवाज फाटत नाही. ती राउलची जाझमास्टर गिटार घे. आणि ही पेटी सोडलीस तर मी तुला चालत घरी पाठवीन."

पेटी म्हणजे रिव्हर्बची. आत लांब स्प्रिंगा असतात, गिटारचा आवाज त्यातून फिरून येतो आणि ओला होऊन बाहेर पडतो. सर्फवाले ओला-कोरडा याच भाषेत बोलतात. गॉर्डीने अँप तापू दिला आणि पेटीला एक लाथ घातली. स्प्रिंगा अशा कडाडल्या, की गॅरेजचं पत्र्याचं दार थरथरलं.

"माझं घर पाडू नका," स्वयंपाकघरातून चेलो ओरडली. "अजून ताबा द्यायचाय मला."

"स्प्रिंगा खणखणीत आहेत," गॉर्डी खुशीत म्हणाला. "बस. वाजव."

नॉर्बने राउलची गिटार मांडीवर घेतली. तिच्या दांड्याची मागची बाजू राउलच्या अंगठ्याने घासून गुळगुळीत झाली होती. त्याने सगळ्यात सोपं गाणं धरलं. पहिल्या ओळीतच बोट घसरलं, आणि ओल्या आवाजाचा दुर्गुण हा, की तो चूकही तेवढ्याच प्रेमाने लांबवतो. नॉर्बने परत धरलं. परत घसरलं. गॉर्डीने खोकल्याचं निमित्त करून छताकडे पाहिलं.

नॉर्बने गिटार खाली ठेवली. मनातून तो पार खचला. कोपऱ्यात त्याची स्वतःची गिटार होती, जानेवारीपासून तिथेच पडलेली, जाड तारांची. त्याने ती घेतली, शोमनला जोडली आणि सवयीने ढग-ढग सुरू केलं. गाणं असं काही मनात नव्हतं. हात जिकडे गेले तिकडे गेले.

आतून चेलोचा आवाज आला. "'वाळूतला बूट' ना हे? मधला भाग आला की तू घाई करतोस. नेहमीच करायचास."

नॉर्बचा हात थांबला. ते 'वाळूतला बूट'च होतं. राउलने बांधलेलं, कुठे छापलं नाही, रेकॉर्ड झालं नाही.

"मला तर पाण्याचा पंप वाटला," गॉर्डी म्हणाला.

चेलो दारात आली. हातात अर्धवट वर्तमानपत्रात गुंडाळलेली ताटली होती. "ह्या भिंतीला लागून माझं सिंक आहे. दर गुरुवारी तुम्ही इकडे, मी भांडी घेऊन तिकडे. राउलची टिणटिण भिंतीतून येतेच कुठे? येतो तो ह्याचा ढग-ढग. मला सगळी गाणी त्यावरूनच येतात."

"बरोबर आहे," गॉर्डीने लगेच ज्ञान पाजळलं. "बारीक आवाज भिंत खाते. जाड सुटतो."

नॉर्बचे कान तापले. त्याला आनंद झाला, आणि तो लपवायचं त्याला सुचलं नाही. इतकी वर्षं भिंतीच्या त्या बाजूला एक माणूस फक्त त्याला ऐकत होतं. डार्लीनला फोन करून सांगावंसं वाटलं, पण तिचा नंबर नव्हता.

"चेलो," तो म्हणाला, "दार लाव आणि आत उभी राहा. मी एकेक अँप वाजवतो. कोणता नेऊ, तू सांग."

"मी? मला ह्यातलं काय कळतं?"

"दुसरं ऐकणारं कोण आहे मला?"

गॉर्डीने कपाळाला हात लावला. "अँप भिंतीआडून निवडणारा पहिला गाढव पाहतोय मी."

चेलोने दार लावलं. शोमनवर नॉर्बने दोन आवर्तनं वाजवली. भिंतीवर एकच टकटक झाली, म्हणजे नको. "फार मोठा वाटतो," आतून आवाज आला. "पाहुणा आल्यासारखा." मग पेटी जोडून वाजवलं. पुन्हा एक टकटक. "सगळं धुकं झालं. तू कुठे आहेस तेच कळेना."

राहिला होता नॉर्बचा स्वतःचा अँप. तपकिरी, लहानसा, पुढचं कापड फाटलेलं. नाताळच्या दिव्यांच्या खोक्यांखालून तो ओढून काढावा लागला. तापायला त्याने वेळ घेतला, मग एक बारीक गुणगुण सुरू झाली. नॉर्बने 'वाळूतला बूट' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं, मधल्या भागात घाई न करता. भिंतीवर टकटक नाही. गाणं संपलं तरी नाही.

त्याने जाऊन दार उघडलं. चेलो सिंककडे तोंड करून उभी होती.

"हाच," ती म्हणाली. वळली मात्र नाही.

परतताना गॉर्डी सगळा रस्ता बडबडत होता. "म्हणजे मी ट्रक, दोऱ्या, घोंगड्या घेऊन आलो ते तुझीच वस्तू तुझ्याच घरी पोचवायला. ती पेटी सोमवारी दुकानात जाणार, मग कोणीतरी दातांचा डॉक्टर ती घेणार आणि दिवाणखान्यात मांडणार." नॉर्बच्या मांडीवर चेलोने दिलेले, मक्याच्या पानात वाफवलेले तमाले होते, अजून गरम. तो खिडकीबाहेर पाहून हसत होता.

मंगळवारी चेलो गेली.

नॉर्ब समुद्राजवळच्या ट्रेलर पार्कमध्ये राहतो, चाकांवर आणलेल्या आणि मग कधीच न हललेल्या घरांमध्ये. त्याने अँप पलंगाशेजारी ठेवला आणि गुरुवारी वाजवायला बसला. पलीकडच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, कपडे धुवायचं मशीन बिघडलंय का, माझ्या भाच्याला येतं दुरुस्त करता. नॉर्ब म्हणाला, बिघडलेलं नाही. पुढचे गुरुवार त्याने आवाज कमी केला, मग आणखी कमी केला. संध्याकाळी सहानंतर त्याच्याशी बोलणारं कोणी नसायचं, टीव्हीवरचा हवामानवाला सोडला तर. तो एकटा पडला होता आणि हे त्याला ठाऊक होतं. पण आपल्याला ऐकलेलं एक माणूस टूसॉनमध्ये आहे, ह्या एका गोष्टीवर तो दिवस ढकलत होता. स्वतःहून फोन करायचा मात्र संकोच वाटायचा.

जूनमधल्या एका गुरुवारी तिचाच आला.

"इथे फार शांत आहे, आलेमान. भांडी मशीन घासतं. मला सिंकपाशी उभं राहायला कारणच नाही."

"मग?"

"मग काय, वाजव."

त्याने फोन अँपसमोर धरून तारा छेडल्या. "छे," चेलो म्हणाली, "काहीतरी तळतोयस असं वाटतंय. भिंतीपलीकडे ठेव."

घरात भिंती होत्याच किती? नॉर्बने फोन बाथरूममध्ये नेला, वॉश बेसिनवर टॉवेलची घडी करून त्यावर ठेवला आणि दार लावून घेतलं. मग येऊन बसला आणि आवाज पूर्वीच्या गुरुवारांइतका मोठा केला. पलीकडच्या बाई काय म्हणतील ते म्हणोत. एकामागून एक त्याने सगळा कार्यक्रम वाजवला, जिमखान्यात वाजवायचे त्या क्रमाने. जिथे राउलची जागा यायची तिथे तो सवयीने हात हलका करत गेला, म्हणजे लीड वर दिसावी. जन्मभर तेच केलं होतं. शेवटी 'वाळूतला बूट'. मग बोटं चोळत तो उठला आणि दार उघडून फोन कानाला लावला.

तिकडे नळ वाहत होता. तिने तो बंद केला.

"आज राउल फार सुंदर वाजवत होता," चेलो म्हणाली.

नॉर्ब आरशासमोर उभा होता. म्हणजे त्या भिंतीतून इतकी वर्षं तिने ह्याला नव्हतं ऐकलं. ह्याच्या ढग-ढगवर पाय ठेवून ती पलीकडे नवऱ्यापर्यंत जात होती. नॉर्ब होता तो फक्त जायचा रस्ता. त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. आणि तरी, मघाशी हात हलका करताना, शेवटच्या गाण्यात, त्यालाही राउल ऐकू आला होता.

"हो," तो म्हणाला. "हात मोकळा होता आज त्याचा."

"पुढच्या गुरुवारी त्याला सांग, शेवटचं जरा सावकाश घे."

"सांगतो," नॉर्ब म्हणाला.