कोब्याखालचा भुईचाफा

उन्हाळ्यात शेजारणीच्या अंगणातून भुईचाफ्याचा वास आला की मला माझाच राग येतो. हिंगोलीतल्या आमच्या घरामागं कडुलिंबाची दाट सावली. नर्सरीतून आणलेले गुलाब, मोगरा, शेवंती, सगळं तिथं जळून गेलं. सासूबाईंनी लावलेला भुईचाफा तेवढा टिकला होता. हिवाळ्यात त्याचीही पानं वाळली, तशी मी वैतागले आणि सासूबाई गावाला गेलेल्या असताना तिथं सिमेंटचा कोबा करून घेतला. परत आल्यावर त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, "पानं वाळली म्हणून मेला व्हय? हळदवाल्याची लेक ना तू? पाला वाळल्यावरच खालून हळद काढतेत न्हाई का?" अजूनही दर उन्हाळ्यात कोब्याला कुठं तडा गेलाय का, ते मी वाकून बघते. मिस्त्रीनं काम फारच चांगलं केलंय.