सुकाणूची शिवण

नोलीन ब्रॉस्नहनला विमानांचं वेड नव्हतं. वाईराऊ खोऱ्यातल्या, जुनी विमानं दुरुस्त करायच्या त्या हँगरमध्ये वेड नसलेली ती एकटीच. बाकीचे, म्हणजे निवृत्त मास्तर, द्राक्षमळेवाले, एक दंतवैद्य, इंजिनाचा आवाज कानी पडला की हातातलं सँडविच तोंडापाशी धरून तसेच उभे राहत. नोलीनला इंजिनातलं ओ की ठो कळत नसे. तिला कळे ते कापड.

सोळाव्या वर्षापासून तिने कापडच शिवलं. आधी पिक्टनला होड्यांची शिडं, मग लग्नानंतर घरच्या गॅरेजात जे येईल ते: ट्रकच्या ताडपत्र्या, तंबू, मेंढ्या कातरणाऱ्यांच्या गाद्यांच्या खोळी, गावातल्या अर्ध्या नवऱ्यामुलींचे पोशाख आणि एकदा एका म्हाताऱ्या घोड्यासाठी रेनकोट. नवरा पॅट वारला, त्याच्या दुसऱ्या वर्षी मर्डो मॅक्रे तिच्या दारात टोपी हातात धरून उभा राहिला. हँगरचा मुख्य इंजिनियर तो.

"नोलीन, तुला विमान शिवता येईल का?"

"केवढं आहे?"

"बत्तीस फूट. पण पुढचं अर्धं पत्र्याचं आहे. मागचं तेवढं लाकडी पट्ट्यांवर कापड."

"म्हणजे सोळा फूट. एवढ्यासाठी टोपी काढलीस?"

ते सोळा फूट शिवायला सहा वर्षं लागली. विमान होतं हरिकेन, दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ. रशियातल्या एका दलदलीतून त्याचा सांगाडा निघाला, तेव्हा त्यात विमान कमी आणि चिखल जास्त होता. पुरुषांनी नळ्या सरळ केल्या, इंजिन जोडलं, एकेका स्क्रूवरून आठवडा आठवडा भांडले. नोलीनने त्याच्यावर लिननचं कापड चढवलं, टाके घातले, वरून लेप दिला. लेपाला नखं रंगवण्याच्या रंगासारखा वास येतो, आणि तो वाळला की कापड असं आवळतं की टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजतं. नोलीन रोज घरी जाण्यापूर्वी एक टिचकी मारून जाई.

आणि एवढं करून तिने ते विमान उडताना पाहिलं नव्हतं. फेब्रुवारीत चाचणीची उड्डाणं झाली तेव्हा ती मुलीच्या बाळंतपणासाठी क्राइस्टचर्चला होती. फोनवर मर्डोने सांगितलं, "छान उडालं." छपन्न शब्दांच्या ठिकाणी दोन शब्द वापरणारा माणूस. नातीला मांडीवर घेऊन नोलीन म्हणाली, "बरं झालं," आणि कुणाला कळलं नाही, पण तिला फार चुटपुट लागली. आता ईस्टरचा विमानांचा मेळा तीस मार्चला. त्या दिवशी हरिकेन सगळ्या खोऱ्यासमोर उडणार होतं. नोलीनने त्या दिवसासाठी नवी हॅट आणली, जे तिने पोराच्या लग्नातही केलं नव्हतं.

वीस मार्चला, बुधवारी, सकाळी सव्वादहाला डेस टकरने दिवा बदलायला शिडी आणली आणि वळताना तिचं टोक विमानाच्या सुकाणूतून, म्हणजे विमान वळवणाऱ्या शेपटावरच्या उभ्या कापडी फळीतून, आरपार घातलं.

डेस म्हणजे तोच दंतवैद्य. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात अणकुचीदार वस्तू सांभाळून घातलेला माणूस, पण शिडीपुढे त्याचं काही चाललं नाही. दोन हात फाटलं होतं.

"भोक छोटंच आहे," तो म्हणाला.

"भोक छोटं असतं तेव्हा तू काय करतोस?" नोलीनने विचारलं.

डेसने शिडी खाली ठेवली. सगळं काढूनच नवं भरावं लागतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक.

मर्डोने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. लेपाचे हात, त्यांच्या मधलं वाळणं, रंग, सुकाणूचा तोल बघणं आणि गुरुवारी एक चाचणीचं उड्डाण. "शनिवारी संध्याकाळपर्यंत टाके पुरे झाले तर उडेल. रविवार उजाडला तर पुढचा ईस्टर."

कापडाची पिशवी शिवून ती सुकाणूवर चढवायला नोलीनला दीड दिवस पुरला. अडचण होती टाक्यांची. सुकाणू चौकटीत उभं करतात, चांगलं पुरुषभर उंच. दोन्ही अंगांना कापड, आत फासळ्या. अलीकडच्या बाईने दाभण आरपार घालायचं, पलीकडचीने ते ओढून घेऊन फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवायचं, मग अलीकडे गाठ. दोन बोटं खाली सरकायचं, पुन्हा तेच. मध्ये कापड धरलेलं, जसा अंतरपाट, फक्त मंगलाष्टकं म्हणायला कुणी नाही. एकटीने केलं तर ताण सारखा येत नाही. आणि नोलीनचा पलीकडचा जोडीदार, म्हातारा रेक्स, सोमवारी मोतीबिंदू काढून घेऊन डोळ्याला पट्टी बांधून घरी बसला होता.

"खोऱ्यात हा टाका येणारं आणखी कोण आहे?" मर्डोने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच होतं. एव्हिसचा बाप फ्लाइंग क्लबची कापडी विमानं दुरुस्त करायचा, आणि ती दहा वर्षांची असल्यापासून त्याच्या पलीकडे उभी राहून दाभण परत पाठवायची.

एव्हिस म्हणजे नोलीनची भावजय. समोरच्याच घरात राहायची. अकरा वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

नणंद-भावजयीच्या भांडणाला फार मोठं कारण लागत नाही, पण यांचं अगदीच लहान होतं. जिल्ह्याच्या शेतकी प्रदर्शनात शिवणकामाची परीक्षक एव्हिस होती. नोलीनने बाप्तिस्म्याचा झगा ठेवला होता, चार महिने खपून केलेला. पहिला नंबर पाद्र्याच्या बायकोच्या झग्याला गेला, नोलीनच्याला दुसरा मिळाला आणि सोबत एव्हिसच्या अक्षरातलं कार्ड: 'काम सुबक. धागा फार ताणलेला.' हे कार्ड चार दिवस साऱ्या जिल्ह्याने वाचलं. पुढे नोलीनचा भाऊ गेला, त्याच्या अंत्यविधीलाही दोघी चर्चच्या दोन टोकांना बसल्या. केराचे डबे मात्र दोघींचे रस्त्यावर एकाच वेळी बाहेर यायचे, दर मंगळवारी.

गुरुवारी दुपारी नोलीनने रस्ता ओलांडला. चौदा पावलांचा रस्ता. दार एव्हिसनेच उघडलं. आत प्लमचा मुरंबा शिजत होता आणि तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. तिने नोलीनला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. सुकाणू फाटलंय."

"कुणी फाडलं?"

"डेसने. शिडीने."

"त्याने माझी दाढ काढली तेव्हाच मला कळलं होतं." एव्हिसने हात पुसले. "रेक्स?"

"डोळा."

एव्हिसने आत जाऊन मुरंब्याखालची आच बंद केली.

"येते," एव्हिस म्हणाली. "पण विमानासाठी येते. तुझ्यासाठी नाही."

"विमानाचंच बोलावणं आहे," नोलीन म्हणाली आणि चौदा पावलं परत आली.

शुक्रवारी सकाळी आठला दोघी सुकाणूच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. एकमेकींना दिसत नव्हत्या हे बरंच होतं. दाभण जाई, दाभण येई. बोलायचं असलं की दोघी मर्डोशी बोलत, आणि मर्डो हातभर अंतरावर उभा होता.

"मर्डो, तिला सांग, सुई फासळीला लागून येऊ दे."

"एव्हिस, ती म्हणते—"

"ऐकलं मी. तिला सांग, खूण तिनेच तिरकी केलीय."

"नोलीन, ती म्हणते—"

असं अर्धा तास चाललं. मग मर्डोने चष्मा काढून खिशात ठेवला. "माझ्याकडे विमानं दुरुस्त करायचा परवाना आहे," तो म्हणाला, "बायका दुरुस्त करायचा नाही." आणि तो चहाला निघून गेला.

त्यानंतर दोन तास दोघी मुक्याने शिवत राहिल्या. साडेदहाच्या सुमारास मर्डो परतला, गुडघ्यावर बसला आणि प्रत्येक टाक्यावरून अंगठा फिरवला. अंगठा फिरवताना त्याचा चेहरा काहीच सांगत नसे. दुसऱ्या फासळीच्या तळाशी पोचल्यावर तो उठला.

"एक घट्ट, एक सैल. एक घट्ट, एक सैल. उसवा."

अठ्ठेचाळीस टाके. नोलीनने कात्री घेतली. सहा वर्षांत मर्डोने तिचा एकही टाका उसवायला लावला नव्हता. कापताना तिने कापडाकडे नीट पाहिलं. तिच्या बाजूला प्रत्येक घट्ट टाक्याभोवती बारीक चुण्या पडल्या होत्या, म्हाताऱ्या बाईच्या ओठांभोवती पडतात तशा. पलीकडे धागा बसायच्या आत ती ओढत होती. तिला वाटत होतं, आपण पक्कं करतोय.

तिने दाभणात नवा धागा ओवला. पहिल्या खुणेवर टोक टेकवलं आणि थांबली.

"एव्हिस."

पलीकडे पावलं कापडाजवळ सरकली.

"तुझ्याकडे बसला की 'ओढ' म्हण. तोवर मी ओढणार नाही."

कापडापलीकडून आवाज आला, "घाल."

दाभण गेलं, परत आलं.

"थांब," एव्हिस म्हणाली. "थांब… हं. ओढ."

"ओढ" आणि "थांब" या दोन शब्दांवर त्यांनी एक अख्खी फासळी संपवली. दुसऱ्या फासळीवर एव्हिस म्हणाली, "डावा खांदा दुखतो का तुझा अजून? उंचावरचे टाके उशिरा येतायत."

"दुखतो. तुला कुणी सांगितलं?"

"केराचा डबा तू उजव्या हाताने ओढतेस आता."

तिसऱ्या फासळीपर्यंत नोलीनला धीर आला. तोंड दिसत नसलं की काही गोष्टी बोलायला सोप्या जातात.

"त्या झग्याचा धागा," ती म्हणाली, "ताणलेलाच होता. आत्ता उसवताना कळलं."

"ते मला तेव्हाच कळलं होतं. ओढ." गाठ बसली. "पण पहिला नंबर त्या पाद्र्याच्या बायकोचा नव्हता."

नोलीनने दाभण तसंच धरलं. "काय?"

"तिच्या झग्याची एक बाही दुसरीपेक्षा लांब होती. तुझाच पहिला होता. ताणलेला असला तरी."

"मग दिला का नाहीस?"

"नणंदेला दिला असता तर सगळा जिल्हा म्हणाला असता, घरच्या घरात वाटून घेतलं. ते चुकवायला दुसरा दिला, आणि दुसरा का दिला हे सांगायला ते कार्ड लिहिलं. कार्ड खरं होतं. नंबर खोटा होता."

"अकरा वर्षं हे सांगायला काय धाड भरली होती?"

"तू विचारलंस कधी?"

"तू तोंड दाखवलंस कधी?"

"रोज दाखवत होते. समोरच राहते मी."

नोलीनला हसू आलं, आणि हसताना हात हलला, आणि पलीकडून ताबडतोब आवाज आला, "हलवू नकोस, धागा बसतोय." त्यावर ती आणखी हसली. मग पलीकडेही कापड थरथरायला लागलं. डेस लांब कोपऱ्यात फरशी पुसत होता. त्या आठवड्यात त्याच्या हातात दुसरं काही द्यायचं नाही असं ठरलं होतं. त्याने जाऊन मर्डोला सांगितलं, "सुकाणू हसतंय."

शनिवारी पावणेसहाला शेवटची गाठ बसली. मर्डो गुडघ्यावर बसला. अंगठा वरून खाली, एक फासळी, दुसरी, सातही. दोघी प्रथमच एका बाजूला येऊन उभ्या राहिल्या. एव्हिसने नकळत नोलीनचं कोपर धरलं होतं. मर्डोने चष्मा पुसला, कागदावर सही केली आणि म्हणाला, "चहा घ्या." त्याच्याकडून एवढं म्हणजे सोहळाच.

तीस मार्चला सकाळपासून आकाश स्वच्छ. खोरंभरून माणसं आली, घडीच्या खुर्च्या, बर्फाचे डबे, कडेवर पोरं. नोलीन नव्या हॅटमध्ये, एव्हिस तिच्या शेजारी, दोघींच्या मध्ये बेकन-अंड्याचा खारा केक, एव्हिसने केलेला आणि नोलीनने मीठ कमी म्हटलेला. टॅमसिन, जी एरवी डोंगरउतारावर विमानातून खत टाकते, तिने हरिकेन धावपट्टीवरून उचललं, आणि सगळ्या माना त्याच्या नाकाबरोबर वळल्या. नोलीनची मान तेवढी शेपटाबरोबर वळली.

हे कापड तिने कायम वीतभर अंतरावरून पाहिलेलं. प्रत्येक टाका ओळखीचा. आता ते करंगळीच्या नखाएवढं झालं होतं आणि उन्हात झळकत डोंगराकडे चाललं होतं. मग विमान वळलं. वळताना ते नख किंचित कललं, आणि त्याच्या मागोमाग सगळं विमान, इंजिन, पंख, माणूस, निमूटपणे त्या बाजूला गेलं.

नोलीनने केक बाजूला ठेवला आणि उभी राहिली.

"बघितलंस?" एव्हिस म्हणाली.

"बघतेय. गप्प बस."

"आपल्या सांगण्यावरून गेलं ते तिकडे."

"टॅमसिनच्या सांगण्यावरून."

"टॅमसिनने नुसतं पायाखालचं पेडल दाबलं. वारा झेलला तो माझ्या बाजूने."

"तुझ्या? डावीकडे वळलं ना ते? डावी बाजू माझी होती."

"डावीकडे वळताना जोर कुठे येतो ते माझ्या बापाला विचार."

"तुझा बाप गेला एकोणिसशे एक्याऐंशीला."

पुढच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी मागे वळून तोंडावर बोट ठेवलं. ते विमानाचा आवाज ऐकायला ऑकलंडहून आले होते. दोघी पोरींसारख्या गप्प झाल्या. एवढ्यात हरिकेन खाली उतरत थेट माथ्यावरून गेलं, छातीत इंजिन घुमलं, कुणाचंच कुणाला ऐकू येईना, आणि त्या गलक्याचा फायदा घेऊन दोघी पुन्हा बोलायला लागल्या.