जुन्या गाड्यांचे ओझरकर सर

आदरणीय विनायकराव ओझरकर सरांचं पहिलं दर्शन मला झालं ते फक्त पायांचं. बाकीचे सर गाडीखाली होते. दिल्लीत मयूर विहारमधल्या त्यांच्या गॅरेजात फोन घ्यायला कुणीतरी हवं आहे असं कळलं, म्हणून मी मुनिरक्याहून आले होते. स्पर्धा परीक्षेचा शेवटचा प्रयत्न वाया गेला होता आणि कुठल्या तोंडाने उदगीरला परत जावं, कळत नव्हतं. सरांनी गाडीखालूनच विचारलं, "सतराचा पाना देता का जरा?" मी आधी तीन चुकीचे दिले. चौथा बरोबर निघाला आणि मला नोकरी लागली.

गाडीचं जरा वय झालं की दिल्लीत शेजारीच विचारू लागतात, "कब निकाल रहे हो?" अशा गाड्यांचे सर म्हणजे हक्काचे वकील. नोएडाचे एक गृहस्थ सगळे शॉकअप बदलायची तयारी करूनच आले होते. स्पीडब्रेकरवर गाडी खडखडायची. सरांनी पहारीने चाकाजवळचा लोअर आर्म हलवून दाखवला. त्याच्या टोकाला धातूच्या नळीत रबर बसवलेलं असतं, त्याला बुश म्हणतात. ते पार चिरलं होतं. "शॉकर बिल्कुल ठीक हैं आपके. दोनों तरफ के बुश डलवा लीजिए, बस," सर म्हणाले. एवढ्या स्वस्तात सुटल्याचं त्या गृहस्थांना थोडं वाईटच वाटलं असावं!

फोन घेता घेता मी गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात उतरू लागले. सरांनी हौसेने शिकवलं. जुना बुश प्रेसवर दाबून काढायचा, नवा सरळ बसवायचा. पण त्यांचा खरा दंडक पुढचा होता. आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते फाटतं.

आणि नेमकं तेच मी केलं. पहिल्यांदाच एकटीने केलेलं काम. घाईत जॅकवरच बोल्ट आवळले आणि शहाण्यासारखी गाडी देऊन टाकली.

चार महिन्यांनी त्या गाडीच्या मालकीणबाई, एका शाळेतल्या शिक्षिका, बुश फाटले म्हणून संतापून परत आल्या. त्याच दिवशी बाबा मला उदगीरला न्यायला आले होते. "पोरीने दिल्लीत राहून नटबोल्ट आवळायचे का?" हा त्यांचा सवाल होता आणि त्यांच्यासमोरच बाई कडाडल्या, "लड़की से काम करवाओगे तो यही होगा!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सर शांतपणे म्हणाले, "गलती मेरी है, मॅडम. गाड़ी देने से पहले मुझे देखना चाहिए था, मैंने नहीं देखा. नए बुश हम डालेंगे. और यही डालेगी."

मग त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली. मी नवे बुश बसवले. गाडी चाकांवर उभी राहिल्यावर खाली उतरून मी एकेक बोल्ट आवळला. सरांनी ना डोकावून पाहिलं, ना काही विचारलं. मी वर आल्यावर त्यांनी बाबांना हाक मारली, "चला, बसा. चक्कर मारून येऊ." बाबा पुढे, बाई मागे आणि गाडी चालवायला मी. वाटेत सात स्पीडब्रेकर लागले. गाडीतून आवाज आला नाही, माणसांतूनही नाही.

परतल्यावर बाबांनी सरांना हात जोडले आणि ते एकटेच स्टेशनवर गेले. मी राहिले. आज त्या गॅरेजचं सगळं काम मी पाहते, हे सांगताना मला संकोच नाही, अभिमान आहे.

सरांनी पंच्याहत्तरी गाठली आहे. गुडघे कुरकुरतात, पण खड्ड्यात उतरायचा हट्ट सुटत नाही. त्यांना उदंड आयुष्य आणि ठणठणीत तब्येत लाभो. सर, माझ्यासाठी एकच आशीर्वाद द्या. माझ्या हाताखालचं कुणी चुकेल आणि दारात गिऱ्हाईक ओरडत उभं असेल, तेव्हा "चूक माझी" म्हणताना माझी जीभ अडखळू नये.